ओइवाचा डावा पाय

ओइवा पडला तो स्वतःच्या हाताने बांधलेल्या सौनाच्या, म्हणजे वाफ घ्यायच्या लाकडी खोलीच्या, छपरावरून. फेब्रुवारीत छपरावरचा बर्फ खाली ढकलताना पाय घसरला, मणका मोडला आणि कमरेखालचं सगळं गेलं. सत्तेचाळीस वर्षांचा, जंगलात लाकडं तोडणारा धिप्पाड गडी. सात महिन्यांनी इस्पितळाने त्याला चाकांच्या खुर्चीत बसवून घरी धाडलं आणि गावाने त्याला निवांत सोडलं.

आमच्याकडे यालाच माया म्हणतात. दुखावलेल्या माणसाच्या दारात जायचं नाही, त्याला काही विचारायचं नाही. शेजारचा रेइनो वीस वर्षं दर शनिवारी काखेत टॉवेल मारून ओइवाकडे वाफ घ्यायला यायचा. तोही येईनासा झाला. ओइवाने काय समजायचं ते समजून घेतलं: आपण यांच्या हिशेबी मेलो.

सकाळी जाग आली की ती आलीच कशाला, असं त्याला वाटे. हेल्वीने, त्याच्या बायकोने, आणून ठेवलेली कॉफी तशीच निवून जाई. डॉक्टरांनी नैराश्याच्या गोळ्या दिल्या होत्या, त्या खणात पडल्या. "मला काय धाड भरलीय? थकलोय नुसता," तो म्हणायचा. नोव्हेंबरात एकदा तळ्याकडे बघत त्याने विचारलं, "बर्फ अजून पातळ असेल ना गं?" तेव्हापासून हेल्वीने त्याला एकटं टाकून दुकानात जाणंही सोडलं.

डिसेंबरातल्या एका शनिवारी तिने सौनाची भट्टी पेटवली आणि रेइनोला दंडाला धरून घरात आणलं.

"हे महाशय दर शनिवारी फाटकापर्यंत येतात आणि तसेच परत जातात," ती संतापून म्हणाली. "बर्फात पावलं दिसतात मला!"

"तुला त्रास नको म्हणून..." रेइनो पुटपुटला.

ओइवा नाही म्हणाला नाही. रेइनोने त्याला पाठीवर घेतलं आणि सौनात खालच्या फळीवर भट्टीजवळ बसवलं. भट्टीवरच्या तापलेल्या दगडांवर पळीभर पाणी पडलं, वाफ उसळली. कित्येक महिन्यांनी ओइवाचे खांदे सैल पडले, त्याला बरं वाटलं.

मग कातडी करपल्याचा वास आला. त्याचा डावा पाय भट्टीच्या लोखंडाला टेकला होता. ओइवा त्याच्याकडे दुसऱ्याच कुणाचा पाय असावा तसा बघत राहिला.

पाय ओढून बाजूला घेताना रेइनो रडायलाच लागला. "मी मघाशीच पाहिलं होतं रे. वाटलं, तुला शेक हवा असेल. माणसाला त्याच्याच पायाबद्दल मी काय सांगायचं?"

"गाढवा, मला तिथलं काही कळत नाही!" ओइवा ओरडला. "तोंड कशाला दिलंय तुला?"

जखम चिघळली, दोन बोटं कापावी लागली. ओइवा भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. हेल्वीशीही बोलेना. तिने शिकारीची बंदूक गुपचूप भावाकडे नेऊन ठेवली. हे दिवस तिने कसे काढले, तिचं तिलाच ठाऊक.

मार्चमध्ये जखम भरली आणि त्याच आठवड्याच्या शनिवारी रेइनो आला. फाटकाशी थांबला नाही, थेट खाटेपाशी येऊन उभा राहिला.

"चल. आज मी बोलणार आहे, तुला आवडो न आवडो."

या खेपेला त्याने ओइवाला सौनात भट्टीपासून लांब बसवलं. एक पळी पाणी टाकायचं, वाकून बघायचं आणि सांगायचं. "डावा ठीक. उजवा ठीक." पुन्हा पळी. "डावा ठीक. उजवा ठीक."

"पुरे रे, म्हातारीसारखा काय पुटपुटतोस," ओइवा म्हणाला.

"डावा ठीक. उजवा ठीक."

ओइवाने तोंडावरून हात फिरवला. बराच वेळ तो हात तिथेच राहिला.

"मी ठीक नाही, रेइनो," तो म्हणाला. "मला जगावंसंच वाटत नाही."

दुसरा कुणी असता तर उठून बाहेर गेला असता, माणसाला निवांत सोडायला. रेइनोही अर्धा उठला होता. मग त्याने पळी बादलीत ठेवली आणि तो ओइवाला खेटून बसला.

"कधीपासून?" त्याने विचारलं.