कोरी पाठ

अप्पा कधी कशाला टेकून बसले नाहीत. दुकानात गल्ल्यामागे गव्हाचं पोतं होतं, त्यामागे भिंत होती. पण अप्पांची पाठ आणि पोतं यांच्यामधून मांजर आरामात जायचं. एसटीतही ते सीटच्या काठावर बसत. "अप्पा, टेका की जरा," असं कोणी म्हटलं की म्हणत, "नगं बे. पाठीला सवय लागती."

एखाद्या माणसाची अशी एकच गोष्ट आपण रोज बघतो आणि तिची थट्टा करतो. तुम्हीही केली असेल. मी पुष्कळ केली.

सिरसाळ्याच्या बाजारपेठेत त्यांचं किराणा दुकान आणि त्याला लागून माझा फोटो स्टुडिओ. लिंगायत वाण्याच्या घरात पैलवान निपजला याचं गावाला आधी नवल वाटलं, मग अभिमान. तरुणपणी त्यांनी गावोगावच्या जत्रांत कुस्त्या धरल्या. काही मारल्या, पुष्कळ बरोबरीत सुटल्या, पण त्यांना चीत करणारा भेटला नाही. कुस्तीत कान फाटला, गुडघा निखळला तरी माणूस हरत नाही. पाठीला माती लागली की हरतो. अप्पांच्या पाठीला ती लागली नव्हती. म्हणून जत्रेच्या आखाड्यात पंचांच्या सतरंजीवर मधली जागा त्यांची असायची. "तिथं बसणाऱ्याची पाठ कोरी लागती," असं ते सांगत. हा नियम दुसऱ्या कोणी केल्याचं मी ऐकलं नाही.

दुपारी गिऱ्हाईक नसलं की ते माझ्याकडे येत. माझ्या टीव्हीवर कायम कराटेची पिक्चरं चालू असत. मला त्यांचं वेड होतं. अप्पा स्टुलावर ताठ बसून बघत आणि मला हैराण करत.

"ह्यो एकाला मारतोय, तवर बाकीचे कावून उभे हायेत बे? राशनच्या लाईनीत असल्यावानी?"

"अप्पा, त्यांचा नंबर यायचाय."

"आन ह्यो उडाला कसा? उडल्यावर माणसाचा जोर कुठं टेकतो? जोर जमिनीतून येतो रे फोटूवाल्या."

खरी मारामारी कशी असते, हे मी त्यांच्याबरोबर असतानाच पाहिलं. आठवडी बाजारात बैलाच्या सौद्यावरून दोघेजण भिडले होते. त्यात बघण्यासारखं काहीच नव्हतं. एकाच्या सदऱ्याची बाही फाटली, दुसऱ्याची चप्पल शेणात गेली, दोघं एकमेकांचे केस धरून धापा टाकत होते आणि त्यातला एक चक्क रडत होता. आवाज म्हणाल, तर फक्त श्वासांचा. मग एकाने खाली वाकून दगड उचलला. अप्पा गर्दीतून पुढे झाले आणि त्याला मागून मिठी मारली. नुसती मिठी. त्याच्या काखेतून हात घालून, त्याच्या मानेवर हनुवटी टेकवून ते सांगत राहिले, "झालं, झालं. झालं, झालं." बराच वेळ. शेवटी त्याच्या हातातला दगड आपोआप खाली पडला.

मी फोटो काढला होता. तो बघणाऱ्याला वाटावं, दोन भाऊ खूप दिवसांनी भेटलेत.

"लोकं नाराज झाले, अप्पा," मी म्हणालो. "त्यांना वाटलं, तुमी त्याला आपटणार."

"आपटाया मला बी येतंय. पर त्याचा लेक हुबा हुता तिथं."

मग आमच्याकडे पिक्चरचं शूटिंग आलं. युनिटला स्थानिक माणसं, बैलगाड्या, जागा मिळवून देण्याचं काम माझ्याकडे आलं आणि मी हवेत गेलो. पडद्यावर आपलं नाव येणार, पुढे मुंबईत बोलावतील, असं बरंच काही मनात रचलं. गावचा आखाडा त्यांना दाखवला तो मीच. तिथे हिरोने खलनायकाच्या पैलवानाला लोळवायचं होतं. पैलवान म्हणून अप्पांचं नाव सुचवलं तेही मीच. पांढऱ्या मिशा, फुटलेले कान. दिग्दर्शक बघतच राहिला.

अप्पा हौसेने आले. लांग कसली, आखाड्याची माती कपाळाला लावली. हिरोने गिरकी घेऊन लाथ मारली. अप्पा जागच्या जागी उभे.

"अप्पा, पडा ना!" फाईट मास्टर ओरडला.

"लागलंच न्हाई की."

"लागणारच नाही. लागलं असं समजायचं."

"आसं व्हय."

युनिट हसलं, गाव हसलं, अप्पाही हसले. पुढच्या वेळी लाथ फिरली आणि अप्पा खरोखर उडाले. पण हवेतच मासोळीसारखे वळले आणि पालथे पडले. हातपाय पसरून, छाती मातीला चिकटवून. कुस्तीत पैलवान खाली आला की असाच पडतो. मास्टर म्हणाला, "पाठीवर, अप्पा! तोंड कॅमेऱ्याकडे!" त्यांनी मान डोलावली आणि पुन्हा पालथे पडले. पुन्हा. पुन्हा. आता ते हसत नव्हते. त्यांची खोडी नव्हती हो ती. अंगच वळत होतं.

ऊन उतरायला लागलं. दिग्दर्शक मला म्हणाला, दुसरा माणूस बघ, नाहीतर तुझं कामही गेलं समज.

मी अप्पांना बाजूला घेतलं. माझं बोलणं मला शब्दन् शब्द आठवतं.

"अप्पा, हे सगळं खोटं हाय. लाथ खोटी, हिरो खोटा. खोट्या कुस्तीत पडल्यानं कोण हरतं व्हय?"

"पाठ तर खरी हाय ना बे," ते म्हणाले.

तिथे मी थांबायला हवं होतं. मी म्हणालो, "माझ्यासाठी पडा."

त्यांनी विचारलं, "तुझं काम अडतंय का?"

"अडतंय."

"मंग चल."

लाथ फिरली. अप्पा सरळ मागे गेले, आणि ज्या मातीत त्यांनी उमेदीची वर्षं घातली, तिच्यावर पाठ टेकून पडले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ते लगेच उठले नाहीत. आभाळाकडे बघत होते. मग उठून माझ्याजवळ आले, माझ्याकडे पाठ केली आणि म्हणाले, "पूस."

मी रुमालाने पुसली. घामात कालवलेली माती होती, ती फासली जात होती, निघत नव्हती.

पिक्चर चाललं नाही. माझं नाव शेवटी इतक्या झपाट्याने सरकलं की मलाच वाचता आलं नाही. पण अप्पांच्या पडण्याचा तुकडा मोबाईलवर फिरला. कोणीतरी तो संथ केला होता. त्यात अप्पा पडतच राहत. पोरं दुकानात येऊन म्हणत, "अप्पा, येकदा पडून दाखवा की!" अप्पा हसून त्यांच्या हातावर खडीसाखर ठेवत.

त्या साली जत्रेत ते पंचांमध्ये बसले नाहीत. लोकांमध्ये मागे उभे राहिले. जुने पैलवान हाताला धरून न्यायला आले, तर म्हणाले, "गुडघं दुखतेत, खाली बसता येत न्हाई." दुकानात मात्र दिवसभर मांडी घालून बसत होते.

"अप्पा, ती फिल्लम होती," मी म्हणालो.

"माती हितलीच होती."

"माझं चुकलं, अप्पा."

"तू कुठं पाडलंस? मीच पडलो." आणि दुपारी नेहमीसारखे येऊन स्टुलावर बसले. मी टीव्ही लावला नाही. "लाव की बे," ते म्हणाले, "बघू तरी, कोण उडतंय." त्यांनी मला एवढ्या सहज सोडून दिलं, हेच मला आजवर जड जातंय. सतरंजीवरची मधली जागा मात्र पुढच्या जत्रांतही रिकामीच राहायची. तिथे दुसरं कोणी बसलं नाही, आणि अप्पाही बसले नाहीत.

गेल्या हिवाळ्यात अप्पा गेले. शेवटचा फोटो काढायला त्यांच्या मुलाने मलाच बोलावलं. लिंगायतांमध्ये गेलेल्या माणसाला जाळत नाहीत, आडवंही निजवत नाहीत. बसवूनच समाधी देतात. अप्पांना मांडी घालून बसवलं होतं. कपाळावर भस्म, गळ्यात फुलं, आणि तोल जाऊ नये म्हणून छातीवरून शाल घेऊन खिडकीच्या गजाला बांधलेली. त्यांना भिंतीला टेकलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो. कॅमेऱ्यातून मला ते बघवेना.

न्यायची वेळ झाली. जुने पैलवान पुढे झाले, शाल सोडली. अप्पांना खांद्यावरून न्यायच्या खुर्चीत ठेवायला उचललं, तेव्हा भिंतीचा चुना सदऱ्याच्या पाठीवर उतरलेला दिसला.

"थांबा जरा," मी म्हणालो. रुमाल काढला आणि पुसलं. कोरडा चुना होता. एका हातासरशी निघाला.

शेतात जंगम स्वामींचे मंत्र झाल्यावर खड्ड्यात उतरवण्यासाठी पंचांमधल्या सगळ्यात म्हाताऱ्या पैलवानाने अप्पांना मागून धरलं. काखेतून हात घातले, त्यांच्या मानेवर हनुवटी टेकवली. अप्पा ताठ बसलेलेच खाली गेले. आणि तो म्हातारा त्यांच्या कानात सांगत होता, "झालं, अप्पा. झालं, झालं."