गाव तिथंच हाय, जिल्हा बदलला

मंडळी, डोकं लई फिरलंय, म्हणून लिहायला बसले.

धाकट्या बहिणीच्या स्कॉलरशिपसाठी आज पप्पांसोबत आम्ही दोघी तिच्या कॉलेजात गेलो. आज टँकर येणार होता, तरी पाण्याचा नंबर सोडून गेलो.

खिडकीतल्या मॅडमनी पप्पांचा जातीचा दाखला पाहिला अन् अर्ज परत सरकवला. "यावर उस्मानाबाद जिल्हा आहे. तिकडून नवीन दाखला आणा."

पप्पा मुरुडातच जन्मले, मुरुडातच ऱ्हातात. मुरुड आता लातूर जिल्ह्यात हाय, पण दाखला काढला तेव्हा लातूर जिल्हाच नव्हता!

पप्पा सवयीनं "बरं मॅडम" म्हणून कागद गोळा करायला लागले. बहिणीनं त्यांचा हात धरला.

"मॅडम, आम्ही गाव सोडलं न्हाई. जिल्हा सरकारनं बदलला, मग हेलपाटे आम्ही का मारायचे? अर्ज घ्यायचा नसंल तर तसं लिहून द्या, सहीसकट."

लिहून कोण देतंय! मॅडमनी खिडकीच लावून घेतली. कॉलेज सुटेपर्यंत आम्ही त्या बंद खिडकीसमोर बसलो. पप्पासुद्धा.

उद्या परत जाणार. तुमच्या घरचं कुणी असंच "बरं मॅडम" म्हणून माघारी आलंय का? त्यांनाही घेऊन या.

उद्या टँकर न्हाई. आम्ही दिवसभर मोकळेच हाव.