अर्गिरिसने न पोहलेली शर्यत

हिद्रा बेटावर कुणी कुणाला पोहता येतं का, असं विचारत नाही. पण पोहणं वेगळं आणि अर्गिरिसचं पोहणं वेगळं, हे आमच्याकडची पोरंठोरंही सांगत. हात पाण्यात जाताना आवाज नाही, फेस नाही. धक्क्यावरून उडी घेतली की पलीकडच्या खडकापर्यंत कुणी दोर बांधून ओढावं तसा निघून जाई.

लुळ्या पांडेलीचा तो थोरला. पांडेली समुद्राच्या तळाचा स्पंज काढायला आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जाई. एका मोसमात डोक्यावर पाणबुड्याचा तांब्याचा टोप चढवून फार खोल उतरला, घाईघाईने वर आला, आणि कमरेखालचं अंग गेलं ते गेलंच. तेव्हापासून त्याची बायको अनेझो त्याला सकाळी उचलून उन्हात बसवी आणि दुपारी उचलून आत नेई. अर्गिरिस आणि त्याची धाकटी बहीण झांबेता हे बघत बघतच मोठी झाली.

निकीतास वरच्या आळीतला. देखणा, बोलका, पायात नेहमी चांगले बूट. आरमाराच्या सक्तीच्या नोकरीवर दोघं बरोबरच गेले, एकाच लढाऊ बोटीवर लागले, झोपायच्या झोळ्याही शेजारी शेजारी. जायच्या आधी ईस्टरच्या सुट्टीत पाद्र्याच्या हातून निकीतासचा आणि झांबेताचा साखरपुडा झाला. त्या दिवसापासून निकीतास अर्गिरिसला नावाने हाक मारीना. "मेव्हणे, तंबाखू आहे का? मेव्हणे, माझी पहाऱ्याची पाळी तुम्ही करता का?" आणि अर्गिरिस तंबाखू द्यायचा, पाळीही करायचा. बहिणीच्या सुखासाठी चार रात्री जास्त जागलो तर काय बिघडलं, असा त्याचा साधा हिशेब होता.

पुढल्या हिवाळ्यात बातमी आली, की वसंतात अथेन्सला देशोदेशींचे खेळ भरणार, आणि त्यात पिरेअसजवळच्या झेआच्या खाडीत शंभर मीटर पोहण्याची एक शर्यत खास आरमाराच्या खलाशांसाठी ठेवली आहे. बघायला खुद्द राजा येणार. बोटीवरचा तांडेल होता कारास, स्पेत्सेस बेटावरचा. स्पेत्सेसच्या माणसाचं आणि हिद्राच्या माणसाचं कधी पटलंय? पण त्यानेही सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "हिद्राचे लोक जमिनीवर गाढवं असतात, पाण्यात मात्र मासे. ह्या अर्गिरिससाठी चाचणी कशाला घ्यायची? पण हुकूम आहे म्हणून घेतो."

चाचणीच्या आदल्या दिवशी दोघं बोटीच्या पुढच्या टोकाला दोर वळत बसले होते. निकीतास हातातला दोर खाली ठेवून म्हणाला, "मेव्हणे, एक मागतो. नाही म्हणालात तर राग नाही."

"आधी माग तर."

"उद्या मला पुढे जाऊ द्या."

अर्गिरिसला वाटलं, थट्टा करतोय. तो हसला. पण निकीतासचे डोळे भरलेले होते.

"माझे मामा पिरेअसच्या बंदर कचेरीत आहेत. ते म्हणतात, राजासमोर पोहलास तर तुला कचेरीत चिकटवतो, कुणाची नाही म्हणायची छाती होणार नाही. नाहीतर इथून सुटलो की काय आहे माझ्यापुढे? स्पंजाची होडी. एका वर्षी धडधाकट जायचं, दुसऱ्या वर्षी फळीवर घालून आणायचं. तुमच्या आईचे हात बघितलेत? झांबेताचे तसे व्हायला हवेत का?"

अर्गिरिसने दोराचं टोक उचललं, पुन्हा वळायला लागला. पीळ उलटा पडत होता, हेही त्याच्या लक्षात आलं नाही. त्याला कधी कुणी शर्यतीत बोलावलं नव्हतं. गेले तीन आठवडे झोळीत पडल्या पडल्या तो मनातल्या मनात ती खाडी पोहत होता. पण डोळ्यांपुढे आली ती आई, दाराच्या चौकटीला पाठ टेकून दम घेणारी.

"बरं," तो म्हणाला. "पण नीट पोह. माझं नाक कापू नकोस."

निकीतासने त्याच्या गळ्यात हात टाकले, दोन्ही गालांचे मुके घेतले. "देव तुमचं भलं करो, मेव्हणे. पहिल्या मुलाला तुमचंच नाव."

दुसऱ्या दिवशी मार्चच्या गार पाण्यात सहा जण उतरले. शेवटच्या टप्प्यात अर्गिरिसने हात सैल सोडले, इतके बेताने की पाहणाऱ्याला दमल्यासारखं वाटावं. शेवटाला उभ्या केलेल्या होडीला निकीतासने आधी हात लावला. कारास तांडेलाने कपाळाला आठ्या घातल्या, अर्गिरिसकडे बघत राहिला, पण विचारलं काही नाही. पुढचे पंधरा दिवस अर्गिरिसनेच निकीतासला तयार केला. उडी घेताना पोट कसं आत ओढायचं, लाट समोरून आली तर श्वास कुठल्या बाजूने घ्यायचा, गारठ्याने पोटरी धरली तर काय करायचं, सगळं. निकीतासच्याच सांगण्यावरून पहाटे, बोटीवर कुणी उठायच्या आत, स्वतः त्याच्याबरोबर पाण्यात उतरून शिकवलं.

शर्यतीच्या दिवशी झेआच्या भोवतालचे सगळे उतार माणसांनी भरले होते. वारा बोचरा, आभाळ मळकट, खाडीत लाटा. पोहणाऱ्यांना आत नेणाऱ्या होडीवर वल्ही मारायला कारासने अर्गिरिसलाच बसवलं. मार्ग दाखवायला पाण्यावर पोकळ भोपळे बांधून सोडले होते, ते लाटेबरोबर कुठल्या कुठे जात होते. निकीतासचे ओठ निळे पडले होते.

"पहिले वीस हात जोर लावू नकोस," अर्गिरिस म्हणाला. "आणि भोपळ्याकडे बघू नको, किनाऱ्यावरच्या झेंड्याकडे बघ."

निकीतासने मान हलवली. बार झाला, खलाशांनी उड्या घेतल्या. अर्गिरिस वल्हं धरून बसला होता, पण त्याचे खांदे आपोआप हलत होते, शेजारच्या वल्हेकऱ्याने त्याला कोपराने ढोसलं, "अरे, तू कुठे निघालास?" दुसऱ्या एका बोटीवरचा खलाशी पहिला आला. निकीतास दुसरा. अर्गिरिसने त्या पहिल्याचं पोहणं डोळ्यांत तेल घालून पाहिलं होतं. चांगला पोहला गडी. पण त्यापेक्षा वेगात आपण रोज पहाटे नुसतं अंग मोकळं करायला पोहतो, हे त्याला कळलं. किनाऱ्यावर निकीतासला लोकांनी खांद्यावर घेतलं होतं. दुसरा तर दुसरा. राजाने त्याचाही हात हातात घेतला.

मामाने शब्द पाळला. उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच निकीतासला आरमारातून सोडवून बंदर कचेरीत घेतलं. घरी झांबेता चादरींना लेस लावत होती. लग्न ऑगस्टमध्ये, मरियमच्या सणानंतर करायचं ठरलेलं. ऑगस्ट आला तेव्हा निकीतासचा निरोप आला, नोकरी नवी आहे, द्राक्षं उतरल्यावर करू. द्राक्षं उतरली.

ऑक्टोबरात एके दिवशी कारास तांडेल रजेवरून बोटीवर परतला. त्याने खिशातून तलम कापडाची पुरचुंडी काढली. आत साखरेत घोळलेले पांढरे बदाम.

"घे, तोंड गोड कर. तुझ्याच गाववाल्याचे आहेत."

"कुणाचे?"

"निकीतासचे. रविवारी साखरपुडा झाला ना."

अर्गिरिस हसला. "तांडेल, तुम्ही घेतलेली दिसतेय. त्याचा साखरपुडा होऊन दीड वर्ष झालं. लग्न म्हणायचंय का तुम्हाला? पण मग घरून मला कुणी कळवलं कसं नाही?" बोलता बोलता त्याने एक बदाम तोंडात टाकलाही होता.

कारासने त्याच्याकडे नीट पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "पोरा, मुलगी पिरेअसची आहे. गव्हाच्या व्यापाऱ्याची. मी स्वतः होतो तिथे. का रे, काय झालं?"

बदाम तोंडात तसाच राहिला. तो चावताही येईना, थुंकताही येईना. जरा वेळाने अर्गिरिसने सगळं सांगितलं: बहीण, अंगठ्या, चाचणी, सैल सोडलेले हात. कारास ऐकत होता आणि त्याचा चेहरा काळवंडत चालला होता.

"म्हणजे तुझी छाती?"

"कसली छाती?"

"अरे, बोटीला दोन माणसं पाठवायची मुभा होती. मी तुम्हा दोघांची नावं देणार होतो. तू मागे पडलास तरी तुला पाठवणारच होतो, मला काय डोळे नाहीत? तेव्हा निकीतास माझ्याकडे आला. म्हणाला, अर्गिरिसच्या तोंडातून रक्त पडतं, लहानपणी बुड्या मारून छाती गेली आहे. गार पाण्यात पुन्हा उतरला तर मरेल. आणि त्याला ह्यातलं काही विचारू नका, शरमेने जीव देईल. रडला माझ्यासमोर. मी म्हटलं, बघा, भाऊसुद्धा असं करणार नाही."

अर्गिरिस उठून बोटीच्या कठड्याशी गेला. दोन जागा होत्या. मागायची गरजच नव्हती. दोघांनाही राजासमोर पोहता आलं असतं, मामाने नोकरीही दिलीच असती. निकीतासला फक्त एवढंच नको होतं, की अर्गिरिस त्याच्या पुढे दिसावा. आणि त्यासाठी त्याने आईचे हात मधे आणले होते.

पुढच्या रजेला तो सरळ बंदर कचेरीत गेला. निकीतास नव्या गणवेशात होता, पितळी बटणं लखलखत होती. त्याने अर्गिरिसला हाताला धरून बाहेर, दोरांच्या वखारीमागे नेलं.

"हळू बोल. इथे माझी माणसं आहेत."

"मेव्हणे म्हण ना आता. तोंडात दगड बसला का?"

"हे बघ, अर्गिरिस, झांबेता चांगली मुलगी आहे. तिला कुणीही करील. पण माणसाला पुढे जायचं असतं. हे तुला कळायचं नाही."

"माझ्या छातीतून रक्त पडतं, होय?"

निकीतासची नजर क्षणभर खाली गेली. मग तो म्हणाला, "तू मला जिंकू दिलंस म्हणून सांगत फिरशील, तर फिर. सगळ्या बोटीने बघितलंय आधी कोण पोचलं ते. लोक तुलाच हसतील."

"मग चल. आत्ता. ह्या धक्क्यापासून त्या नांगरलेल्या जहाजापर्यंत."

"मी अंमलदार आहे," निकीतास म्हणाला. "मी तुझ्याबरोबर पाण्यात उतरू?"

अर्गिरिसने मारायला उचललेला हात तसाच खाली आला. ज्याने आपल्या गालांचे मुके घेतले होते त्याच्या तोंडावर हात उचलायला तो शिकलाच नव्हता.

घरी जाऊन झांबेताला सांगायचं काम त्याच्यावरच पडलं. तिने सगळं ऐकून घेतलं. लेसचा गुंडा मांडीवरून घरंगळून खाली गेला.

"दादा, तुला कुणी सांगितलं होतं माझ्यासाठी हरायला?"

"अगं, तुझे हात..."

"माझे हात माझे आहेत. तो स्पंजाच्या होडीवर गेला असता तर मी वाट बघितली असती. लुळा होऊन आला असता तर उचलला असता. मला एका शब्दाने विचारलंस? त्याने तर मला फसवलंच, पण तुम्ही दोघांनी दोर वळत वळत माझा सौदा केलात." मग ती रडली, आणि अर्गिरिसला जवळ येऊ दिलं नाही.

जानेवारीत, येशूच्या बाप्तिस्म्याच्या सणाला, बिशप पिरेअसच्या धक्क्यावरून समुद्रात क्रूस टाकतो आणि तरणी पोरं त्यासाठी उड्या घेतात. अर्गिरिस त्या दिवशी रजा काढून मुद्दाम गेला. राजासमोर पोहलेला माणूस सगळ्या गावासमोर उडी टाळणार कशी, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. तो कपडे उतरवून होडीच्या काठावर कुडकुडत उभा राहिला. बिशपच्या मागे निकीतास होता, गणवेशात, शेजारी व्यापाऱ्याची मुलगी. लोक ओरडू लागले, "निकीतास! ए निकीतास, उडी मार!" निकीतास हसला, गणवेशाच्या बटणांकडे बोट दाखवलं आणि नम्रपणे मान झुकवली. लोकांना ते फार आवडलं. टाळ्या पडल्या.

क्रूस पाण्यात पडला. पोरांनी उड्या घेतल्या. अर्गिरिस होडीच्या काठावर उभाच राहिला, अंगावर काटा आलेला, नजर धक्क्यावर. कुणा कोळ्याच्या पोराने क्रूस वर काढला तेव्हा कुठे त्याला सदरा घालायची आठवण झाली.

घरी आल्यावर आईने विचारलं, "मिळाला का रे क्रूस?"

"मी उतरलोच नाही."

"का?"

"तो उतरला नाही."

अनेझोने त्याच्याकडे बघितलं आणि पांडेलीला आत न्यायला वाकली. अर्गिरिस पुढे झाला, पण तिने त्याला हात लावू दिला नाही.

आरमारातून सुटल्यावर अर्गिरिस हिद्राहून समोरच्या किनाऱ्यावरच्या एर्मिओनीला माणसं नेणारी होडी चालवू लागला. स्पंजाला गेला नाही. कॉफीच्या दुकानात कुणी परगावचा आला की आमचे लोक छाती काढून सांगत, "आमच्या बेटाचा निकीतास राजासमोर दुसरा आला!" अर्गिरिस अशा वेळी उठून जाई. सुरुवातीला त्याने दोनतीनदा खरं काय ते सांगून पाहिलं होतं. लोकांनी एकमेकांकडे बघून मिशीत हसून घेतलं. कारास तांडेल असता तर साक्ष दिली असती, पण स्पेत्सेसच्या माणसाची साक्ष हिद्रात कोण मानतो?

दोन वर्षांनी झांबेताचं लग्न झालं. नवरा एर्मिओनीचा, होड्यांच्या फटी बुजवणारा, बायको वारलेला, पण मनाने सरळ. लग्नाला पिरेअसहून एक लाकडी पेटी आली. आत चांदीचे सहा चमचे, निकीतासकडून अहेर.

अर्गिरिसचा चेहरा लाल झाला. "समुद्रात फेकून येतो."

"ठेव खाली," झांबेता म्हणाली. तिने एक चमचा उजेडात धरून उलटापालटा करून पाहिला. "चांदी खरी आहे. घरात पाहुणे येतील, लागतील."

त्याच चमच्यांनी पाहुण्यांना मोरावळ्यासारखं मुरवलेलं फळ वाढलं, आमच्याकडे वाढतात तसं. अर्गिरिसपुढेही बशी आली. त्याने चमचा उचलला, पुन्हा बशीत ठेवला आणि होडीचा दोर तपासून येतो असं सांगून बाहेर पडला. बहिणीने त्याला थांबवलं नाही.