मोजेबाई

दवाखान्यात तिचं खरं नाव कुणी घेतच नसे. साठी ओलांडलेला कुणीही आत आला, मग तो खोकल्यासाठी आलेला असो की कानातल्या मळासाठी, ती म्हणायची, "बसा. बूट काढा. मोजेही काढा." त्यावरून नाव पडलं मोजेबाई. वजन, ताप, नाडी, रक्तदाब असं दिवसभर काही ना काही मोजतही असायची, म्हणून ते दोन्हीकडून शोभायचं. तिला त्याचा राग नव्हता. "नर्सला याहून वाईट नावं पडतात," म्हणायची.

दवाखाना तळमजल्यावरच्या तीन खोल्यांचा. बाहेरच्या खोलीत बाकं, आतल्या खोलीत डॉक्टर, आणि मधल्या चिंचोळ्या खोलीत ही. तिथे एक पलंग, हिरवा पडदा आणि जरा जास्तच वजन दाखवणारा काटा. डॉक्टर तिच्या मुलाच्या वयाचा, हुशार, पण कायम घाईत.

"बाई, बाहेर अकरा जण बसलेत. हे गृहस्थ घसा दाखवायला आलेत आणि तुम्ही त्यांचे पाय काय बघताय?"

"घसा तुम्ही बघा. पाय मी बघते."

तो घड्याळाकडे बघत आत वळायचा.

या दवाखान्यात येण्याआधी तिने मोठ्या रुग्णालयात वीस वर्षं काढली होती, तीही शस्त्रक्रियेच्या वॉर्डात. पाय कापावे लागलेल्यांच्या पट्ट्या बदलण्याचं काम तिच्याकडे असे. पट्टी सोडता सोडता ती विचारायची, सुरुवात कशी झाली? बरेच जण एकच सांगायचे. चालताना पोटरी भरून यायची, थांबलं की बरं वाटायचं. वाटलं, वय झालं. पुढे बोटाला जखम झाली, ती भरलीच नाही. एका म्हाताऱ्या सुताराने एकदा तिलाच उलट विचारलं, "सिस्टर, हे कुणी आधी बघितलं असतं तर?" काय सांगणार? तिने पट्टीची गाठ मारली. पण तो प्रश्न काही तिच्या डोक्यातून गेला नाही.

एका मंगळवारी एक आजी गुडघा दाखवायला आल्या. सोबत आजोबा होते. ते निवृत्त मुद्रितशोधक, चाळीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासलेली. बाहेर बसल्या बसल्या त्यांनी भिंतीवरच्या कागदातली 'सुचना' खिशातल्या पेन्सिलीने 'सूचना' करून टाकली होती.

बाईने आधी आजींचे पाय पाहिले. दोन्ही पावलं उबदार, नाडी बोटाला टपटप लागत होती. मग तिची नजर शेजारी गेली. खुर्चीत बसताना आजोबांची पँट वर सरकली होती. उजवी नडगी गुळगुळीत, चकचकीत, केसाचा मागमूस नाही. रक्त कमी पोचणाऱ्या अशा नडग्या तिने वॉर्डात पुष्कळ पाहिल्या होत्या.

"आजोबा, तुम्हीही मोजे काढा."

"पेशंट ही आहे. मी नुसता सोबत आलोय."

"सोबतीला आलेल्यांचेही बघते मी. चालताना पाय दुखतात का?"

"मला कसले दुखतायत? हिच्याबरोबर चालायचं म्हणजे दर दहा पावलांनी बाक शोधायचा. दुखायला तरी वेळ कुठे मिळतो?"

कुरकुरत त्यांनी मोजे काढले. उजवं पाऊल गार होतं. बाईने पावलाच्या वरच्या बाजूला बोटं ठेवली. काही नाही. घोट्याच्या आतल्या बाजूला ठेवली. तिथेही नाही. नुसत्या बोटांवर भरवसा ठेवायची तिची पद्धत नव्हती. तिने आजोबांना पलंगावर आडवं केलं, दहा मिनिटं स्वस्थ पडून राहा म्हणाली आणि पडदा ओढला.

आजी हळूच तिच्याजवळ सरकल्या. "बाई, खरं सांगू? माझा गुडघा केव्हाच बरा झालाय."

"मग आलात कशाला?"

"यांना आणायला. डॉक्टरकडे चला म्हटलं की अंगावर येतात. रस्त्यात यांची पोटरी धरते, चेहरा बघून कळतं मला. पण तोंडातून शब्द निघेल तर शपथ. मग मीच म्हणते, अहो, गुडघा ठणकतोय, आणि टेकते बाकावर. म्हणजे यांनाही बसता येतं."

"मला सगळं ऐकू येतंय," पडद्यामागून आवाज आला.

"येऊ दे," आजी म्हणाल्या. "वर्षभर नाटक करून माझा जीव मेटाकुटीला आलाय."

पडद्यामागे पलंग एकदा करकरला.

दहा मिनिटांनी बाईने दोन्ही दंडांचा दाब घेतला. मग घोट्याच्या वर पट्टा बांधला, पावलावर थंडगार जेल लावलं आणि रक्ताचा आवाज ऐकवणारं लहानसं यंत्र टेकवलं. डाव्या पायात ठोका खणखणीत वाजला. उजव्या पायात नुसती दबकी सळसळ. दंडात दीडशे, डाव्या घोट्याशी जवळपास तेवढाच, उजव्या घोट्याशी नव्वद. तिने पुन्हा एकदा मोजलं. आकडा तोच आला.

"घोट्याचा आकडा साधारण दंडाएवढा हवा," ती म्हणाली. "तुमच्या उजव्या पायाची रक्तवाहिनी अरुंद झालीय. चालताना पायाला जास्त रक्त लागतं, ते पोचत नाही, म्हणून दुखतं. हे वयामुळे नाही."

आजोबांनी छताकडे बघत विचारलं, "कापायचा का?"

"नाही. कापायला लागू नये म्हणूनच तर आत्ता बघतोय."

त्यांनी आजींचा हात धरला. आजींनी तो सोडवून घेतला नाही.

डॉक्टर आला, त्याने स्वतः पाय चाचपून पाहिला. "सिगारेट?"

"आता दोनच."

"पाकिटं," आजी म्हणाल्या.

डॉक्टर खुर्ची ओढून बसला. पायाच्या रक्तवाहिन्या अशा झाल्या की हृदयाच्या आणि मेंदूच्याही सांभाळाव्या लागतात, हे त्याने घाई न करता समजावलं. गोळ्या लिहून दिल्या, मोठ्या रुग्णालयात तज्ज्ञाकडे पाठवलं. सिगारेट बंद. आणि चालायचं. दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, ओसरलं की पुन्हा चालायचं. संध्याकाळी त्याने बाईला विचारलं, "गुरुवारी दुपारी गर्दी कमी असते. तेव्हा नुसते पायच तपासले तर?"

"मी कधीची वाट बघतेय," ती म्हणाली.

तज्ज्ञाने शस्त्रक्रियेची गरज नाही असं सांगितलं. सिगारेट दोनदा सुटली, दोनदा पुन्हा हातात आली आणि तिसऱ्यांदा मात्र कायमची गेली. सुरुवातीला आजोबांना औषधाच्या दुकानापर्यंत जाईतो थांबावं लागायचं. तीन महिन्यांनी ते पुलापर्यंत एका दमात जायला लागले.

त्यानंतरच्या तपासणीला आले ते ऐटीत. बाईने पुन्हा सगळं मोजलं. उजव्या घोट्याचा आकडा जवळजवळ होता तिथेच.

"म्हणजे काहीच सुधारलं नाही?" ते हिरमुसले.

"पुलापर्यंत जाता ना?"

"जातो."

"मग झालं. आकड्याला कुठे जायचंय?"

आजोबा मोठ्याने हसले. दोघं बाहेर पडली तशी बाई खिडकीशी गेली. रस्त्याच्या कडेने आजोबा पुढे चालले होते आणि मागे वळून वळून आजींशी कशावरून तरी वाद घालत होते. पुढचा पेशंट दारात आला होता. तिने त्याला दोन मिनिटं थांबायला सांगितलं आणि ती दोघं वळणावर दिसेनाशी होईपर्यंत तिथेच उभी राहिली.