दोन टाक्यांमधला पुठ्ठा

मधुकरकाका. हे नाव आधीच लिहून टाकतो, नाहीतर मी पुन्हा कडेकडेनं फिरत राहीन. माझ्याजवळ आज जे काही आहे – पदवी, नोकरी, चार माणसांत बोलायची हिंमत – ते या माणसामुळे आहे. आणि आता जे सांगतो आहे ते मी इतकी वर्षं कुणालाच सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही.

आमचं घर कुहीजवळच्या खेड्यात. वडील धान घेऊन नागपूरला कळमन्याच्या बाजारात येत. तिथं काका एका अडत्याकडे दिवाणजी होते. मी बारावी झालो तेव्हा वडिलांनी त्यांना विचारलं, पोरासाठी नागपुरात कुठं खोली मिळेल का. काका म्हणाले, "खोली कायले शोधता गा? माझ्या घरात कोण आहे?"

खरंच कोणी नव्हतं. काकू वारल्या होत्या. मुलगा, नितीन, कॉलेज अर्धवट सोडून, बापाशी भांडून पुण्याला निघून गेला होता. नागपूरच्या महाल भागातल्या त्या माडीवरच्या दोन खोल्यांत काका होते आणि त्यांचे मासे होते. मग मी आलो.

मासे म्हणजे पॅराडाइज फिश. अंगावर निळे-तांबडे पट्टे, शेपटीला धाग्यासारखी लांब टोकं. दिसायला देखणा, पण स्वभावानं भांडकुदळ. दोन नर एका टाकीत ठेवले तर एकमेकांचे पर फाडतात. शेजारच्या टाकीत ठेवला तरी काचेतून दिसतोच ना? मग दिवसभर पर फुलवून समोरासमोर उभे, खाणंपिणं विसरून. म्हणून काकांनी दोन टाक्यांच्या मध्ये एक पुठ्ठा सरकवून ठेवला होता. साडीच्या खोक्याचा. त्यांचे वडील साड्या विणायचे. माग कधीच गेला, खोकी तेवढी माळ्यावर उरली होती. पहिल्याच दिवशी काकांनी मला बजावलं होतं, बाकी काहीही कर, त्या पुठ्ठ्याला हात लावायचा नाही.

मी तीन वर्षं त्या टाक्या सांभाळल्या. नळाचं पाणी बादलीत भरून रात्रभर ठेवायचं, सकाळी थोडं थोडं बदलायचं. रविवारी मी खालून तर्री-पोहे आणायचो, दोन प्लेट, आणि आम्ही टाकीसमोर बसून खायचो. काका म्हणाले होते, यंदा उन्हाळा लागला की नर-मादीची जोडी लावू, आणि ती तूच लावायची. तुम्हाला हसू येईल – पण या एका वाक्यावर मी सगळा हिवाळा काढला. मला कधी कोणी 'हे तुझं' म्हणून काही दिलं नव्हतं.

आणि नितीन परत आला.

एक बॅग घेऊन, वाळलेला, मान खाली. बरेच दिवस दोघं एकमेकांशी फक्त मीठ दे, दार लाव एवढंच बोलत. मग एका रविवारी मी पोहे घेऊन वर आलो, तर दोघं टाकीसमोर मांडीला मांडी लावून बसलेले. नितीननं जोडी लावली होती. नर तोंडानं बुडबुडे सोडून पानाखाली फेसाचं घरटं बांधत होता. काकांनी टॉर्च धरला होता आणि ते हसत होते. मी त्यांना तसं हसताना तीन वर्षांत पाहिलं नव्हतं.

मला पाहून म्हणाले, "तूही बस ना गा."

तूही. बाकी काही नाही, एवढंच. माझ्या हातात दोनच प्लेट होत्या. मी त्या त्यांना दिल्या आणि मला भूक नाही म्हणालो.

हा त्यांचा मुलगा होता. घर त्याचं, बाप त्याचा. माझा काय हक्क होता? हे मला तेव्हाही कळत होतं – म्हणून तर मला जास्त जळायला झालं. त्याला पाणी बदलता येत नव्हतं, बादली सांडायचा, तरी काका म्हणत, शिकेल हळूहळू. मी सांडली असती तर? मला कधी सांडायची हिंमतच झाली नाही.

अंडी पडली. मादीला काढून वेगळं ठेवलं. आता सगळं नरावर – तो घरट्याखाली पहारा देतो, अंडं निसटलं तर तोंडात धरून पुन्हा फेसात ठेवतो. काकांनी कामावर जाताना नितीनला सांगितलं, आजचा दिवस जागचा हलू नको.

दुपारी नितीन माझ्याजवळ आला. मी परीक्षेचा अभ्यास करत होतो. सीताबर्डीवरच्या एका दुकानात कामाचं विचारायला जायचं होतं त्याला. म्हणाला, "दिलीप, जरा लक्ष ठेवशील काय? तुले माझ्यापेक्षा जास्त समजते."

हे तो मनापासून बोलला. मी हो म्हणालो.

तो जिना उतरला तसा मी टाकीपाशी गेलो. नर फेसाखाली स्थिर होता, फक्त पर हलत होते. किती वेळ बघत होतो आठवत नाही. मग मी पुठ्ठा वर ओढला आणि काढून मांडीवर ठेवला.

दुसऱ्या नरानं त्याला पाहिलं. यानं त्याला पाहिलं. घरटं सोडून तो काचेशी आला – आणि परत गेलाच नाही. मी समोर बसून होतो. मधेच उठून पुठ्ठा घालता आला असता, तेवढंच काम होतं. फेस विरत गेला. अंडी पाण्यावर पसरली. शेवटी चवताळलेला नर मागे वळला आणि त्यानं ती स्वतःच खाल्ली. ऊन उतरल्यावर मी पुठ्ठा होता तसा मधे सरकवला.

काका आले, टॉर्च लावला. बराच वेळ टॉर्च तसाच. मी जिन्यात सटकलो, थोड्या वेळानं परत आलो; मागून नितीन आत आला. काकांनी विचारलं, कुठं होता. तो म्हणाला, बाहेर गेलो होतो, पण दिलीपला सांगून गेलो होतो.

काकांनी माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणालो, "नाही काका. मले काही नाही सांगितलं."

त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. नितीनकडे वळून म्हणाले, "एका जागी बसाचंही काम होत नाही तुह्याच्यानं?" नितीन माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. सकाळी त्याची बॅग नव्हती.

पुढच्या रविवारी मी दोन प्लेट आणल्या.

त्यानंतर काका माझ्या पदवीदानाला आले, माझ्या लग्नात वडिलांशेजारी बसले. नितीन हैदराबादला असतो, दिवाळीला फोन करतो. काकांना आता नीट दिसत नाही, एकच टाकी उरली आहे, पुठ्ठा लागत नाही. मागच्या महिन्यात शेजारी कोणी बसायला आले तेव्हा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, पोटचा नाही टिकला, हा टिकला. मी मान खाली घातली. शेजाऱ्यांना ती नम्रता वाटली.

मी त्यांच्यापासून अर्ध्या तासावर राहतो. तरी पोस्टानं पत्र पाठवलं. समोर बोललो असतो तर त्यांनी मधेच थांबवून जाऊ दे म्हटलं असतं, आणि मी थांबलोही असतो. पत्र ते शेजाऱ्यांच्या मुलीकडून वाचून घेतील, हे मला माहीत होतं. नितीनलाही तेच पाठवलं. ते असं –

तीर्थरूप काका, साष्टांग नमस्कार.

ज्या दिवशी अंडी गेली त्या दिवशी नितीन मला सांगून गेला होता. मी हो म्हणालो होतो. पुठ्ठा मी काढला, समोर बसून बघितलं, आणि तुम्ही यायच्या आधी परत लावला. तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोललो.

आणखी एक. त्या संध्याकाळी नितीन जिन्यात मला भेटला होता. सीताबर्डीवरच्या दुकानात त्याला काम मिळालं होतं. म्हणाला, बाबाले मीच सांगतो, तू नको सांगू. हातातला पुडा त्यानं जिन्यातल्या कोनाड्यात ठेवला आणि आत आला. पुढं ते सांगायचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी तुम्हाला तो पुडा सापडला. तुम्ही विचारलंत, संत्रा बर्फी कोणी आणली. मी म्हणालो, मी आणली.

तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात, आणि पहिला तुकडा मला दिलात.

– दिलीप