बैलाच्या फोटोतली बाई

बायको गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी, सावडून आल्यावर, लेकीनं विचारलं, "दादा, आईचा फोटो कुठाय?"

"आसंल पेटीत," मी म्हणालो.

तिनं पेटी उपसली. लुगडी निघाली, माझा चौथीचा दाखला निघाला, फोटो नाही. लेक आंबेगाव तालुक्यात दिलेली. तिकडं दहाव्याला नदीवर फोटो मांडतात, हार घालतात, वर फ्लेक्स लावतात. आमच्याकडंही आता तीच चाल पडली होती. ती म्हणाली, "माझ्या घरातबी लावायचाय मला. पोरींना आजी कशी व्हती ते कळाया पायजे." एवढंच मागितलं तिनं. बापाकडं काही मागायची तिला सवय नव्हती.

फोटो नव्हता, कारण मी तो कधी काढू दिला नव्हता. मतदानाच्या कार्डासाठी शाळेत फोटो काढणारी माणसं आली, तेव्हा आमचा कांदा काढायला आलेला. मी म्हणालो, तुझ्या एका मतावाचून सरकार पडत न्हाई, आधी वाफा उरक. लेकीच्या लग्नाला फोटोवाला सांगायचा नाही म्हणून अडून बसलो ते बसलोच. शेवटच्या दिवाळीला जावयानं कॅमेऱ्याचा नवा फोन आणला होता. त्यानं तो सासूपुढं धरला तर मी म्हणालो, "ती काय नटी हाय का?" ती हसली आणि उठून चुलीकडं गेली. पुन्हा तिच्यापुढं कुणी फोन धरला नाही.

घरात फोटो एकच होता, बैलाचा. बैलगाड्याच्या शर्यतीत आमचा गाडा पहिला आला, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी आळेफाट्याहून फोटोवाला बोलावला होता. असा बैल पंचक्रोशीत नव्हता, आणि हे मी एकटाच म्हणत नव्हतो. पण तो फार तापट. बायकोशिवाय कुणाला वेसणीला हात लावू देत नसे. म्हणून कासरा तिच्या हातात दिला. फोटोवाला म्हणाला, "मामी, जरा पुढं या." मी म्हणालो, "पुढं नको. मागं सर गं, बैल झाकतोय." ती मागं सरली. फोटो निघाला. बैल शिंगापासून खुरापर्यंत लख्ख, आणि त्याच्या मानेमागं तिचा अर्धा चेहरा. उजवा. डावा पार बैलाच्या शिंगाआड गेलेला.

दोन वर्षांनी बैल बेल्ह्याच्या बाजारात गेला. फोटो भिंतीवर राहिला.

तोच काखेत मारून, लेक सासरी परतल्यावर, मी पाचव्या दिवशी आळेफाट्याला गेलो. स्टँडच्या मागं एक बाई कॉम्प्युटरवर फ्लेक्स, पत्रिका, अर्ज असं सगळं करून द्यायची. तिशीतली असेल, तोंडानं फटकळ. तिनं फोटो पाहिला.

"बाबा, बैल कधी गेला?"

"बैल न्हाई. बाई गेलीय."

"यात बाई कुठंय?"

मी बोट ठेवलं. ती वाकली, बराच वेळ बघत राहिली. मग हलक्या आवाजात म्हणाली, "दुसरा न्हाईच का?"

"आसता तर ह्यो आणला आसता का?"

तिनं फ्रेमचे खिळे काढले. भिंत पावसाळ्यात पाझरायची, त्यानं फोटो काचेला चिकटून बसला होता. तिनं कोपरा उचलून पाहिला तर बैलाची शेपटी काचेवरच राहिली. ती थांबली. "ओढला तर तोंडबी निघून येईल," म्हणाली. काचेसकट स्कॅनरवर ठेवून पाहिला, तर मधे काच असल्यानं धुक्यातला माणूस दिसावा तसं काहीतरी उमटलं. शेवटी फोटो घेऊन ती बाहेर आली, सावलीत भिंतीला टेकवला आणि आपल्या फोननं त्याचा फोटो काढायला लागली. काचेत ऊन चमके. ऊन चुकवलं तर माझी टोपी दिसे.

"बाबा, तुमी लांब व्हा. तुमीच येताय मधी."

मी रस्त्याच्या कडेला जाऊन उभा राहिलो. नाशिककडं जाणाऱ्या गाड्या अंगावर धुरळा उडवत होत्या. दहा-बारा वेळा तिनं फोन वर-खाली केला.

आत आल्यावर तिनं फोनमधून नखाएवढं कार्ड काढलं, एका डबीत खुपसलं आणि डबी कॉम्प्युटरला लावली. पडद्यावर बैल आला, घरातल्या दारापेक्षा मोठा वाटला. मग ती बैल कापत गेली. पाय गेले, पाठ गेली, वशिंड गेलं. राहिली मान, शिंग आणि बायको. मला वाटलं आता ती दिसेल. पण बाई चित्र जसजसं मोठं करत गेली तसतसे चेहऱ्याचे चौकोन व्हायला लागले, फरशी बसवल्यासारखे. बाईनं ते परत लहान केलं, तेव्हा कुठं डोळा डोळ्यासारखा दिसला.

"आता शिंग काढते," ती म्हणाली. "पण त्याच्या मागं काय व्हतं ते तुमी सांगायचं. मी आजीला बघितलेलं न्हाई."

"नाकात चमकी घाल. डावीकडं." चमकी मला ठाऊक होती, मीच जुन्नरहून आणली होती.

"घालते. कुंकू केवढं लावायच्या?"

मी अंगठा दाखवला.

"आन् डावा डोळा? उजव्यासारखाच का बारीक? भुवई कशी? गालावर काय तीळ, वण, गोंदण?"

चाळीस वर्षं तिच्या हातची भाकरी खाल्ली. पाय आपटत चालायची ते सांगता आलं असतं, खोकली तर दहा बायांत ओळखलं असतं. बाईनं विचारलेलं मला सांगता येईना. डोळे मिटले तर डोक्यावरचा पदर दिसे, भाकरी थापणारे हात दिसत. तोंडाच्या जागी काही येईना. बाई माऊसवर हात ठेवून वाट बघत होती.

"बायकोचं तोंड म्हंजी काय पोथी हाय का, रोज उघडून वाचायला?" मी म्हणालो.

"रागावू नका बाबा. लेक हाय ना तुमाला? तिला फोन लावू. तिला म्हाईत आसंल. नंबर सांगा."

नंबर माझ्या खिशात होता, डायरीच्या पहिल्या पानावर. लेकीला विचारायचं, की पोरी, तुझी आई कशी दिसत व्हती? जिच्यासाठी फोटो करायला आलो तिलाच? खिशावरचा हात मी काढून घेतला.

"नको लावू. दोन्हीकडं सारखंच व्हतं. तसंच कर."

"नक्की?"

"माझी बायको मला म्हाईत न्हाई व्हय?"

मग तिनं उजवा अर्धा चेहरा उचलला, उलटा केला आणि डावीकडं चिकटवला. एका क्षणात बायको पुरी झाली. चमकी बसली, कुंकू बसलं. निळं आभाळ मागं आलं. चेहरा सुरेख होता. मला परका वाटला, पण डोळे शिणले असतील म्हणून मी पैसे मोजून दिले. एक फ्लेक्स आणि दोन फ्रेमी घेऊन संध्याकाळच्या एसटीनं घरी आलो.

दहाव्याला नदीवर माणूस बरंच जमलं. पिंपळवंडीचे पाहुणे आले, प्रवचनाला महाराज आले. जो तो फोटो बघून म्हणे, मामी काय साजऱ्या आल्यात. लेक उशिरा पोचली, तिची गाडी चुकली होती. हार घेऊन फोटोपुढं आली आणि तशीच उभी राहिली. हार घातला नाही. माझ्याजवळ येऊन बसली आणि कुणाला ऐकू जाणार नाही असं म्हणाली,

"दादा, ही कोण?"

"तुझी आई."

"आईच्या डाव्या भुवईत वण व्हता. तीन टाक्यांचा. भुवई मधीच तुटल्याली दिसायची."

"कशाचा?"

ती माझ्याकडं बघत राहिली. "तुमच्या बैलानं शिंग मारलं व्हतं. तुमी बाजाराला गेला व्हता, मी न्हेलं तिला दवाखान्यात. घरी आला तवा तिनं तुमाला सांगितलं, चौकट लागली. तुमी बैलाला काय कराल म्हणून." मग म्हणाली, "पण वण तर दिसतच व्हता की. मरंस्तवर."

महाराजांचं प्रवचन चालू होतं.

कावळा शिवल्यावर, घरी जेवणं झाल्यावर, ती जायला निघाली. मी तिच्यासाठी केलेली फ्रेम पुढं केली. तिनं हात लावला नाही. आत गेली, बैलाचा जुना फोटो काचेसकट फडक्यात गुंडाळला आणि पिशवीत घातला.

"ह्यो नेते. अर्धीच हाय, पण माझी आई हाय."

"बैलबी हाय त्यात," मी म्हणालो. का म्हणालो कोण जाणे.

"आसू दे," ती म्हणाली आणि गाडीला गेली.

तेव्हापासून दोन्ही फ्रेमी माझ्याकडंच आहेत. एक भिंतीला, एक पेटीत. आधी डोळे मिटले की काहीच दिसत नव्हतं. आता दिसतं, पण ती कॉम्प्युटरवरची, दोन्हीकडून सारखी. वण मी मनानं लावून बघतो. कुठं लावायचा, नाकाकडं की कानाकडं, केवढा, ते कळत नाही. लेकीला ठाऊक आहे. तिचा फोन लागतो, सणावाराला बोलणं होतं, पाऊसपाणी विचारतो. ते मात्र मी अजून विचारलेलं नाही.