पारासमोरून हेल्मेट घालून

सकाळी आबांचा मिस्ड कॉल आला की समजायचं, ते गावाहून लातूरला निघाले. दुसरा मिस्ड कॉल आला की समजायचं, पोचले. या दोन मिस्ड कॉलच्या मधला वेळ मी नांदेडला कॉलेजच्या प्रयोगशाळेत काढते आणि त्या वेळात माझ्या हातून एक काम धड होत नाही. मुलं परीक्षानळ्या मागतात, मी चंचुपात्रं काढून देते. फोन टेबलावर उताणा ठेवते, मग पालथा घालते, मग पुन्हा उताणा करते. सोबतच्या बाई म्हणतात, ‘अहो, लहान पोर शाळेत गेल्यासारखं काय करता?’ लहान पोर परवडलं. ते निदान ऐकतं.

आबा म्हणजे माझे वडील. सत्तरी ओलांडलेली, सरकारी नोकरी करून निवृत्त, मुक्काम रेणापूर तालुक्यातल्या आमच्या गावी. लातूरला त्यांचं काही काम नसतं. वाचनालयात पेपर वाचायचे, जुन्या सोबत्यांबरोबर चहा घ्यायचा आणि परत यायचं. पेपर घरी येतो, चहा आई करते, गावातून बसही आहे. पण जायचं म्हणजे जायचंच आणि तेही स्वतःच्या मोटारसायकलवर.

हेल्मेट मीच त्यांना आणून दिलं होतं, पूर्ण तोंड झाकणारं, काचेचं. मला वाटलं होतं, आता महाभारत होणार. झालं नाही. त्यांनी ते डोक्यावर चढवलं, आरशात बघितलं आणि ‘ब्येस हाय’ म्हणाले. मी खूश होऊन नांदेडला परतले. इतक्या सहज ते ऐकतात तेव्हा संशय यायला हवा, हे मला कळायला हवं होतं.

दिवाळीच्या सुट्टीत त्यांच्या मागे बसून लातूरहून गावाला निघाले तेव्हा खरा प्रकार दिसला. रस्ताभर हेल्मेट डोक्यावर. गावाच्या शिवेवर चिंचेचं झाड आहे, तिथे गाडी थांबली. आबांनी हनुवटीखालचा पट्टा सोडला, हेल्मेट काढलं, कोपरात अडकवलं, डोक्यावरून हात फिरवला आणि गाडी पुन्हा सुरू केली. आमची वस्ती गावाच्या दुसऱ्या टोकाला. म्हणजे वेशीतून आत, पारासमोरून, शाळेवरून, पिठाच्या गिरणीवरून सगळं गाव ओलांडून जायचं. या सगळ्या रस्त्यावर शेळ्या, ट्रॅक्टर, सायकलवरची पोरं आणि गावकऱ्यांनी आपल्याच मनानं घातलेले मुरमाचे गतिरोधक. मोकळ्या सडकेवर डोकं झाकलेलं आणि जिथे पडण्याची सगळी सोय तिथे उघडं!

‘आबा, हे काय करताय?’

‘गावात कोण घालतंय हेल्मेट? लोकं वळखतील कशी?’

पारावर नेहमीची चार-पाच माणसं बसली होती. आबांनी हँडलवरचा एक हात उचलला आणि ‘जय भीम’ घातला. तिकडून कुणी ‘जय भीम’ म्हणालं, कुणी ‘राम राम’, कुणी नुसता हात केला. आबांची मान ताठ होती. मला त्या मानेकडे बघून नुसता संताप आला.

त्यानंतर वर्षभर आम्ही भांडलो. बहुतेक वेळा फोनवर. मी म्हणायची, हेल्मेट सक्तीचं आहे, कायदा आहे. हा माझा हुकमी पत्ता होता, कारण आबांनी आम्हा भावंडांना लहानपणापासून एकच गोष्ट शिकवली: आपल्याला जे मिळालं ते कायद्यानं मिळालं, कायदा मोडायचा नाही. सिग्नलला रिकाम्या चौकातही थांबणारा माणूस. त्यावर ते म्हणायचे, ‘कायदा डोकं झाका म्हणतो. तोंड झाकून चोरावानी आपल्याच गावातून जा म्हणतो का?’ एकदा म्हणाले, ‘तुमच्या नांदेडात पगडीवाल्यांना सूट हाय ना? त्या पगडीत त्यांचा मान हाय, म्हणून कायदा थांबला. बरोबरच हाय. मग माझ्या तोंडाचं काय?’ उत्तर सुचत नाही तेव्हा मी जास्त जोरात बोलते, तशी बोलले.

‘माझं डोकं हाय, माझी मर्जी,’ असंही ते म्हणायचे.

‘फुटल्यावर निस्तरायचं कुणी?’ मी विचारायची. मग आई फोन घेऊन सांगायची, की भाजी करपतेय, ठेव आता.

आणि मग व्हायचं ते झालं. शाळेसमोर कुणीतरी नवा गतिरोधक घातला होता, आदल्या दिवशी तो तिथे नव्हता. आबा पारावर हात करून पुढे आले, मान अजून तिकडेच होती, आणि गाडी उडाली. लातूरच्या दवाखान्यात मी नांदेडहून धावत पोचले तेव्हा कानाच्या वर टाके घातलेले होते, दोन दात हलत होते, डोळा सुजून बंद झाला होता. हेल्मेट कोपरात होतं. डॉक्टर तरुण होते, थट्टेखोर. ते म्हणाले, ‘काकांचं कोपर मात्र एकदम सुरक्षित आहे. साधा ओरखडा नाही.’ लातूरला राहणारा भाऊ हसला, आबाही हसले. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन रडले. भीती वाटली होती, आणि त्या भीतीचा राग आला होता, आणि तो राग काढायचा तर समोर पट्टी बांधलेलं माणूस.

टाके निघेपर्यंत आबा लातूरलाच भावाकडे राहिले. मधल्या रविवारी मी तिथे जाऊन शहाणपणानं, आवाज न चढवता, तोडगा मांडला. तोंड उघडं ठेवणारं हेल्मेट घेता आलं असतं, पण दात हललेले बघितल्यावर ते मी डोक्यातून काढून टाकलं होतं. मी म्हटलं, ‘आबा, तुम्हाला लोकांशी बोलायचंय ना? मग पारासमोर गाडी थांबवा. खाली उतरा, हेल्मेट काढा, निवांत जय भीम घाला, घटकाभर बसा. मग पुन्हा हेल्मेट घालून घरी जा. गाडी थांबलेली असताना काय काढायचं ते काढा.’

मला वाटलं, इतकं साधं आहे, हे आधी का सुचलं नाही.

आबांचा चेहरा बदलला. ‘मी तिथं उतरणार न्हाई,’ ते म्हणाले.

‘का?’

त्यांनी भिंतीकडे बघत सांगितलं. आजोबांकडे सायकल होती. कामावरून येताना पार जवळ आला की आजोबा सायकलवरून उतरायचे. आबा लहान, मागे कॅरियरवर बसलेले, तेही उतरायचे. पार ओलांडेपर्यंत सायकल हातात धरून चालायचं, पुढे गेलं की पुन्हा बसायचं. ‘कुणी उतर म्हणत न्हवतं,’ आबा म्हणाले. ‘तेव्हा तर धम्म घेऊन बी पाच-सहा वर्सं झाली होती. पण पार आला की बापाचे पाय आपोआप खाली यायचे. मला विचारायची हिंमत झाली न्हाई कधी.’

नोकरी लागल्यावर आबांनी मोटारसायकल घेतली आणि पहिल्या दिवशी पारासमोरून न उतरता नेली. काही झालं नाही. कुणी काही बोललं नाही, एक-दोघांनी तर हातही केला. तेव्हापासून ते कधीच तिथे उतरले नाहीत. पारावरची माणसं आता चांगली आहेत, चहाला बोलावतात, आबा ‘घाईत हाय’ म्हणून सांगतात. लोकांना वाटतं, म्हातारा सदा घाईत. इतकी वर्षं मलाही तसंच वाटत होतं.

भावाच्या बायकोनं चहा आणला, तो घेतला आणि संध्याकाळच्या बसनं नांदेडला आले.

नांदेडला तेव्हा पुन्हा हेल्मेटची तपासणी सुरू झाली होती. प्रयोगशाळेत सगळे कुरकुरत होते: उकाडा केवढा, केस गळतात, मागचा हॉर्न ऐकू येत नाही, गावातल्या गावात कशाला सक्ती. मी सगळ्यांच्या अंगावर धावून गेले. म्हटलं, दंड करा, गाड्या अडवा, प्रत्येक गावाच्या शिवेवर पोलीस उभा करा. माझं खरंच तसं मत आहे, आजही आहे. टाके मी बघितलेत. पण त्या दिवशी मी तोंडानं पोलीस उभा करत होते आणि मनात दिसत होतं, की खाकी कपड्यातला कुणी माणूस पारासमोर हात करून आबांना गाडीवरून उतरवतो आहे. मग मी परीक्षानळ्या धुवायला घेतल्या. कॉलेजहून स्कूटीवर परत येताना गोदावरीच्या पुलावर माझ्याच हेल्मेटमध्ये मला गुदमरल्यासारखं झालं. काच वर केली, पण हेल्मेट काढलं नाही.

टाके निघाल्यावर आबांना गावी सोडायला मी गेले. बसमध्ये माझं हेल्मेट मांडीवर घेऊन बसले होते, लोक वळून वळून बघत होते. लातूरला उतरून भावाच्या बायकोची स्कूटी घेतली. माझ्या डोक्यावर माझं, आबांच्या डोक्यावर त्यांचं. पट्टा मी स्वतः लावला, हनुवटी वर करून त्यांनी लावू दिला. रेणापूर मागे गेलं.

चिंचेचं झाड दिसलं. मागे हालचाल झाली. आरशात बघितलं तर आबांचा हात पट्ट्यावर गेला होता. मी वेग कमी केला. जबरदस्ती कितीदा करायची? त्यांनी सांगितलं असतं तर मी थांबले असते, खरं सांगते, थांबले असते.

‘थांबू का?’ मी विचारलं.

हात पट्ट्यावरच होता. मग तो माझ्या खांद्यावर आला.

‘थांबू नको. चल.’

पारावर चार-पाच माणसं होती. आबांनी हात उंच केला आणि हेल्मेटच्या आतून जोरात ‘जय भीम’ म्हणाले. काचेच्या आतला तो आवाज मला नीट ऐकू आला नाही, तर तिकडे काय जाणार. माणसांनी आमच्याकडे बघितलं. कुणीतरी शेजाऱ्याला काहीतरी विचारलं, त्यानं मान हलवली. हात कुणीच केला नाही. शाळेसमोरचा गतिरोधक आला, मी हळूच स्कूटी वरून नेली. गिरणी गेली, वस्ती आली.

अंगणात आबा उतरले. पट्टा सोडायला मी मदतीला गेले तर त्यांनी माझा हात बाजूला केला. हेल्मेट काढून त्यांनी ते कुडाच्या खुंटीला अडकवलं. डोक्यावरून, टाक्यांच्या जागेवरून हात फिरवला.

‘कुणी वळखलं न्हाई,’ ते म्हणाले.

मी माझं हेल्मेट काढलंच नव्हतं, ते बरं झालं. आई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. आबांनी चूळ भरली, घोटभर पाणी प्यायलं आणि तांब्या माझ्यापुढे केला.

‘पण उतरलो बी न्हाई,’ ते म्हणाले.